कायम, ठेका आणि बिनकागदाचे : तुमच्या घरातलं सांगा

गिरणाकाठ
आखाजीच्या आधीची साफसफाई चालू होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अण्णांचा पितळी बिल्ला सापडला, नंबर 417. कोपरा घासून गुळगुळीत झालेला. तो हातात आला आणि फेब्रुवारी 2025 मधली एक संध्याकाळ आठवली. अमेरिकेचं लष्करी विमान कागद नाहीत म्हणून परत पाठवलेल्या 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं होतं आणि हातापायांत बेड्या घातलेली ती माणसं टीव्हीवर दाखवत होते. अण्णा जेवत होते. घास हातात तसाच ठेवून म्हणाले, "यासले कामवर लेणारा कथा शे?" (यांना कामावर घेणारा कुठे आहे?) मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

अण्णा जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक पाइपच्या कारखान्यात एक्स्ट्रुडरवर, म्हणजे पाइप काढायच्या मशीनवर होते, बारा वर्षं कायम. मी नववीत असताना कंपनीत ठेकेदार आला. बिहारकडची दहा-पंधरा पोरं आणली, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, बारा बारा तासांची पाळी. अण्णांना सांगितलं, दोन महिने यांना मशीन शिकवा. शिकवलं. तिसऱ्या महिन्यात अण्णांच्या हातात कागद आला : राजीनामा द्या, एवढी रक्कम घ्या.

अण्णा त्या पोरांचा खूप राग राग करायचे. घरी येऊन शिव्या द्यायचे. पण एकदा त्यातल्या एकाचा तळवा गरम डायवर भाजला. ठेकेदाराने हळद लावली आणि पुन्हा कामाला उभं केलं. अण्णा त्याला सायकलवर डबलसीट दवाखान्यात घेऊन गेले. तिथे कार्ड मागितलं, कार्ड नाही. परत येऊन हजेरीचं रजिस्टर बघितलं तर पोराचं नावच वेगळं लिहिलेलं. म्हणजे कंपनीच्या हिशेबात भाजलेला हात कुणाचाच नव्हता.

अण्णांचा राग त्यानंतर कुठे गेला ते मला माहीत नाही. ते पोरांवर बोलायचे थांबले, एवढं खरं.

तुमच्याकडे काय झालं? कायम असा, ठेक्यावर असा, बाहेरगावी असा, बाहेरदेशी असा. मोकळेपणी लिहा.

बट्टीवाली
चटईच्या युनिटला होते पाच वर्षं. सही किमान वेतनावर. बँकेत पगारही तेवढाच पडायचा, कागद एकदम चोख. पण आम्हा सगळ्याजणींची एटीएम कार्डं सुपरवायझरकडे, मागे पिन लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दहा तारखेला तो स्टेशनजवळच्या मशीनवर जायचा, आपला वाटा काढायचा, उरलेले आमच्या हातात. तपासणीला साहेब आले तरी पासबुक दाखवायचं, काहीच सापडायचं नाही. बोलेल तिला दुसऱ्या दिवशी गेटवर "आज गरज नाही." कुकर लावलाय, नंतर लिहिते.

तापीमाय
कार्ड ठेवून घेतात हे आमच्या ह्यांच्याकडेही होतं. मला वाटायचं आमच्यातच आहे. किती वर्षं कुणाला बोललो नाही.

खानदेशी_इंजिनियर
डिप्लोमा मेकॅनिकल, धुळे. चाकणला सात वर्षं. कंपनीचं नाव मोठं, गणवेशही त्यांचाच, पण पगारपत्रक तिसऱ्याच एजन्सीचं. अकरा महिने झाले की आठ दिवस घरी बसवतात, मग नवीन पत्र. सात वर्षांत मला सात पत्रं. कँटीनला कायमवाल्यांची रांग वेगळी. काम एकच, लाइन एकच, एकाच गाडीचे चार बोल्ट मी आवळतो आणि चार तो, पगार माझ्या अडीचपट.

सगळ्यात लागतं ते लग्नाच्या वेळी. आई स्थळं बघते. फोनवर पहिला प्रश्न, "मुलगा परमनंट आहे का?" आई आधी "कंपनीत आहे" एवढंच सांगायची. तिसऱ्या स्थळाने सरळ पगारपत्रकाचा फोटो मागितला. आता 31 पूर्ण. मुलीच्या वडलांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, माझी बहीण असती तर मीही हेच विचारलं असतं.

गिरणाकाठ
@खानदेशी_इंजिनियर भाऊ, वाचून पोटात तुटलं. अण्णांचा कागद आला तेव्हा माझ्या आत्याचं जमलेलं लग्न सहा महिने लांबलं होतं.

उधन्याचा_पाटील
आता आमची बाजू ऐका. तुम्ही ज्यांना बाहेरचे म्हणता ते आम्हीच आहोत, फक्त सुरतेत.

आजोबा 72 च्या दुष्काळात शहाद्याकडून निघाले. भुसावळ-सुरत लाइनने उधना. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, जिकडे बघाल तिकडे जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं. वडील लूमवर (यंत्रमागावर) लागले तेव्हा तिथले जुने कारागीर म्हणायचे, खानदेशी आले आणि भाव पडला. खोटं नव्हतं. आजोबा कमी दरात उभे राहिले कारण घरी खायला नव्हतं. मग ओडिशाच्या गंजामकडची माणसं आली, मीटरवर पैसे, बारा तास पाळी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी. तेव्हा वडील म्हणायला लागले, उडिया आले आणि भाव पडला. अगदी तेच वाक्य. मी दोन्ही ऐकलंय म्हणून सांगतो. मीटरचा भाव ना आजोबांनी ठरवला ना त्या गंजामवाल्याने. पोटकरता गाव सोडनं पडस भो.

कोरोनात लूम बंद झाले तेव्हा आमच्या गल्लीतून लोक चालत नवापूरच्या दिशेने निघाले. शेटने फोन उचलला नाही. त्यात खानदेशीही होते आणि उडियाही.

नवापूरकर
आमचं स्टेशन आलं बोलण्यात! अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. त्या बाकावर बसून सगळ्यांनी फोटो काढलेत. लॉकडाऊनमध्ये मात्र ती रेघ खरी झाली होती, माणसं तिकडच्या बाजूला थांबवलेली. आमच्या मंडळाने आठ दिवस खिचडी केली.

तापीमाय
त्या पॅसेंजरमध्ये दोंडाईच्याला मिरच्यांची पोती चढायची, आठवतं का कुणाला? अख्खा डबा शिंकायचा 😄

उधन्याचा_पाटील
ताई, आम्ही रुमाल ओला करून नाकाला बांधायचो!

सराफगल्ली
सगळं मालकावर ढकलू नका, एवढंच म्हणायला आलो. आमचं घर पिढीजात सोनारकाम करणारं. बंगाली कारागीर आले, मणी-जाळीचं काम निम्म्या मजुरीत करायला लागले. माझा धाकटा भाऊ आज रिक्षा चालवतो. हात सोन्याचा होता त्याचा. आलेल्यांत सगळे आपल्या देशातलेच, याची खात्री कुणी करायची? सीमा ओलांडून बेकायदा येणं हा गुन्हा आहे, तो गरिबीने पुसला जात नाही. कागद तपासले पाहिजेत, कडक तपासले पाहिजेत.

बट्टीवाली
@सराफगल्ली दादा, भावाचं वाचून वाईट वाटलं. तपासणीला विरोध नाही. पण आमच्या मागच्या गल्लीत पश्चिम बंगालमधल्या मेदिनीपूरचा एक जण राहतो, वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी त्याच्या बोलण्यावरून संशय आला आणि आठ दिवस तो आजोबांच्या जमिनीचे कागद मागवत फिरत होता. आपल्याच देशातला माणूस. त्या आठ दिवसांची मजुरीही शेटने कापली. शेटकडे कुणी कागद मागितला नाही.

सराफगल्ली
हे मान्य. मजुरी कापणं चूकच. तपासणी मालकाच्या दारापासून सुरू व्हावी, याला माझी ना नाही.

चोपड्याची_लेक
मी मिसिसिपीत असते, चौदा वर्षं. वाचून राहवलं नाही. इकडे रात्र झालीय, लेकरू झोपलंय, तेवढ्यात लिहिते.

आमच्यापासून तासाभरावर कोंबड्या कापून पॅक करायचे मोठे कारखाने आहेत. 7 ऑगस्ट 2019 ला एकाच दिवशी सात ठिकाणी बिनकागदी कामगारांसाठी धाडी पडल्या, 680 कामगार पकडले. तिकडच्या शाळांचा तो पहिला दिवस. मुलं दुपारी घरी आली तर घराला कुलूप. त्या दिवशी कारखान्यातल्या कुठल्याच मॅनेजरला बेड्या पडल्या नाहीत. काही मॅनेजरांवर आरोपपत्र आलं ते वर्षभराने.

माझी कृष्णवर्णीय शेजारीण पूर्वी अशाच कारखान्यात होती. ती सांगते, आम्ही युनियन बांधली, पगारवाढ मागायला लागलो, तेव्हा 90 च्या दशकात कंपन्यांनी टेक्सास, फ्लोरिडाकडून स्पॅनिश बोलणारी माणसं आणवली. त्यातल्या बऱ्याच जणांकडे कागद नव्हते आणि कंपनीला ते सोयीचंच होतं. तिचा त्या माणसांवर राग होता, लपवत नाही ती. पण धाडीच्या संध्याकाळी चर्चमध्ये त्यांच्या मुलांना जेवायला तीच वाढत होती.

1986 च्या कायद्याने इथे बिनकागदी माणूस ठेवणाऱ्या मालकाला पहिल्यांदा दंड लावला. पण "जाणूनबुजून" ठेवलं हे सिद्ध व्हावं लागतं. कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला, मधे ठेकेदार असला तर आणखीच सुटला. अण्णांनी जे विचारलं ते इथले कामगारही चाळीस वर्षं विचारताहेत.

आणखी एक सांगते, गिरणाकाठ ताईसाठी. 2002 साली इथल्या सुप्रीम कोर्टात हॉफमन प्लॅस्टिक नावाचा खटला झाला, कॅलिफोर्नियातल्या प्लॅस्टिकच्याच कारखान्याचा. युनियनच्या कामात भाग घेतला म्हणून कामगाराला काढलं. काढणं बेकायदा ठरलं, पण त्याच्याकडे कागद नव्हते म्हणून बुडालेला पगार त्याला मिळणार नाही, असा निकाल 5 विरुद्ध 4 ने लागला. मग कुठला मालक अशा माणसाला सोडून कागदवाला घेईल? नुकसान कागदवाल्याचंही झालंच ना.

आणि आम्ही व्हिसावाले काही फार वेगळे नाही. एच-वन-बी म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा, दर वर्षी 65 हजार, वर मास्टर्सवाल्यांचे 20 हजार. व्हिसा कंपनीशी बांधलेला. नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. ह्यांची गेली तेव्हा 52 व्या दिवशी मिळाली, आधीपेक्षा कमी पगारात. वाटाघाट कशाच्या जोरावर करणार? त्या जागेवर आधी असलेल्या गोऱ्या गृहस्थाने ह्यांना तीन आठवडे काम शिकवलं आणि शेवटच्या दिवशी खोका घेऊन बाहेर पडला. ह्यांच्याशी हात मिळवला त्याने. हे त्या रात्री जेवले नाहीत.

गिरणाकाठ
ताई, हे अण्णांना वाचून दाखवलं. "शिकाडी लिधं आन् काढी टाकं," एवढंच म्हणाले. चष्मा पुसत बसलेत.

कळण्याची_भाकरी
कामगार न्यायालयात वकिली करते, म्हणून थोडं. ठेका कामगार कायदा 1970 चा. आधी 20 ठेका कामगार असले की लागू व्हायचा, महाराष्ट्राने 2016 मध्ये तो आकडा 50 केला. मग काय झालं? एकाच कारखान्यात चाळीस-चाळीसचे तीन ठेकेदार, तिघांचे पत्ते एकाच घराचे. अशी कागदपत्रं मी हाताळली आहेत. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ठेका बंद करण्याची अधिसूचना निघाली म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा कायम होत नाही. ठेका हा निव्वळ देखावा होता हे त्याने सिद्ध करायचं. हजेरी ठेकेदाराकडे, पगारपत्रक ठेकेदाराकडे, सिद्ध कशाने करणार? म्हणून सांगते, गेटपासचा फोटो, सुपरवायझरचे मेसेज, पाळीचा कागद, काहीही टाकून देऊ नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. आकडा 50 च राहिला. मुदतीच्या नेमणुकीवाल्याला मात्र एका वर्षाने ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय. @खानदेशी_इंजिनियर, तुमच्या पत्रावर नेमणूक कुठल्या प्रकारची लिहिली आहे ते नीट बघा आणि मला कळवा. अकरा महिन्यांचं गणित कशासाठी असतं हे आता तुम्हाला समजेल.

खानदेशी_इंजिनियर
ताई, पत्रावर "ट्रेनी" लिहिलंय. सातव्या वर्षीही ट्रेनी. फोटो पाठवतो.

नवापूरकर
आमच्या भागातून कोयता घेऊन बारडोलीकडे उसाला जाणारी कुटुंबं बघा कधी. उचल घेतलेली असते, मजुरी त्यातच फिटते. ती माणसं इथे लिहायला येणार नाहीत, त्यांच्याकडे रेंज नाही की वेळ नाही.

बट्टीवाली
आले परत. वकीलताई, एक विचारू? माझ्या पीएफला नाव चुकीचं पडलंय, ठेकेदाराने माहेरचं लिहिलं, आधारवर सासरचं. तीन वेळा अर्ज परत आला. ठेकेदार आता फोन उचलत नाही. साडेचार वर्षांचे पैसे आहेत हो.

कळण्याची_भाकरी
बुडत नाहीत, घाबरू नका. जॉइंट डिक्लरेशन फॉर्म भरावा लागेल. लग्नाचा दाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि जुन्या पगाराची एखादी चिठ्ठी असेल तर ती, एवढं काढून ठेवा. ठेकेदार सापडत नसेल तर मूळ कंपनीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट. मी गुरुवारी जळगाव कोर्टात आहे, दुपारी दोननंतर या.

बट्टीवाली
येते. बरोबर अजून तिघी आहेत, चालेल ना?

कळण्याची_भाकरी
सगळ्या या.