स्वस्त कॅमेऱ्याने अर्धंच काम होतं
'कॅमेरे स्वस्त झाले, आता पैशांवाचून कुणाचा सिनेमा अडत नाही' हे मत मला अर्धंच पटतं. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची' हा सिनेमा (१९९२) सुमारे ७ हजार डॉलरमध्ये झाला, हे सगळेच सांगतात. पण तो आकडा चित्रीकरणापुरता. स्टुडिओने हक्क घेतल्यावर थिएटरची प्रिंट (पडद्यावर दाखवायची प्रत) आणि ध्वनी यांवर त्याच्या कितीतरी पट खर्च झाला.

मला ख्रिस्तोफर नोलनचा 'फॉलोइंग' (१९९८) जास्त शिकवून जातो. नोकऱ्या सांभाळणारी मंडळी शनिवारी जमायची. तालमी आधीच झालेल्या असायच्या, त्यामुळे एक-दोन टेकमध्ये शॉट मिळायचा आणि कॅमेऱ्यातलं महागडं फिल्मचं रीळ वाचायचं. जवळपास वर्षभर हे चाललं. म्हणजे पैशांची उणीव वेळेने भरून काढली.

मात्र दुसऱ्या सिनेमाला त्याच मित्रांना पुन्हा फुकट राबवता येत नाही, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं, असं मला वाटतं. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कळकळीची विनंती: कॅमेरा साधा चालेल, आवाजावर खर्च करा. आणि सोबतच्यांना मानधन परवडत नसेल, तर कमाईतला वाटा चित्रीकरणाआधीच लिहून द्या.