यूएक्समध्ये वाट चुकून आलेले: आधीचं काम भांडवल की नुसती गोष्ट?

हेडफोनवाली
सहा वर्षं मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन उचलत होते. पगारपत्रकं करायचं सॉफ्टवेअर. महिनाअखेर आली की ठरलेली तक्रार: "सबमिट दाबलं, काहीच झालं नाही, म्हणून परत दाबलं." की झाली पगाराची नोंद दोनदा. आम्ही तिकिटावर 'यूझरची चूक' निवडायचो आणि तिकीट बंद. (ड्रॉपडाउनमध्ये तो पर्याय सगळ्यात वर होता, हेही एक कारण.) एकदा वैतागून मी वहीत रेघा मारायला लागले, कुणाचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय त्याच्या. ती वही एका डेव्हलपरने मागून नेली. पुढच्या रिलीजमध्ये बटण एकदा दाबलं की करडं व्हायचं आणि खाली 'नोंद होत आहे, थांबा' अशी ओळ यायची. त्या महिनाअखेरीला फोन इतके कमी आले की लाइन बंद पडली की काय हे बघायला सुपरवायझर येऊन गेले. दीड वर्षाने माझं पद झालं 'यूएक्स रिसर्चर', म्हणजे वापरणारा कुठे आणि का अडतो ते शोधणारी. हा शब्द तोवर माझ्या कानावरूनही गेला नव्हता.

आज हे का आठवलं? भरतीसाठी पोर्टफोलिओ बघत होते. एक उमेदवार पूर्वाश्रमीची परिचारिका, एक ग्रंथपाल. दोघांनीही जुनी नोकरी एका ओळीत उरकली आणि त्याच त्या सरावाच्या ॲपवर पानंच्या पानं भरली. अरे, तुमचं भांडवलच तुम्ही लपवताय! हे क्षेत्र उभंच केलं बाहेरून आलेल्यांनी. जॉन कार्लिन व्हायोलिन वाजवायचे, मानसशास्त्र शिकले होते. १९६३ मध्ये आलेल्या बटणांच्या टेलिफोनवर आकडे कसे मांडायचे, ते बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या गटाने ठरवलं. सुझन केअर शिल्पकलेतून आल्या आणि १९८४ च्या ॲपल मॅकिंटॉश संगणकाचे आयकॉन त्यांनी चौकटीच्या वहीत काढले. डॉन नॉर्मन आधी विद्युत अभियांत्रिकी, मग मानसशास्त्र. १९९३ मध्ये ॲपलला गेले तेव्हा 'यूझर एक्स्पीरियन्स' हे शब्द त्यांनी पदाच्या नावातच घातले.

ग्रिडमध्येच_राहा
गोष्ट आवडली, निष्कर्ष नाही. तुम्ही नावं घेतलेल्या तिघांकडेही डॉक्टरेट होती. कार्लिन यांच्या विभागात कुणी "मला वाटतं एक-दोन-तीन वर हवेत" असं म्हणून बटणं लावली नाहीत. वर्तुळाकार, दोन रांगांच्या, तीन बाय तीनच्या अशा मांडण्या माणसांकडून दाबून घेतल्या, वेळ मोजला, चुका मोजल्या. डायनिंजर यांचा १९६० चा लेख आहे त्यावर. 'चुकून आले' म्हणजे 'न शिकता आले' नव्हे, पण तुमच्या लिखाणातून नवी मुलं नेमकं तेच उचलणार.

मी चार वर्षं डिझाइन शिकलो. टीममध्ये 'वेगळ्या पार्श्वभूमीचे' सहकारी येतात, त्यांचं पाठ केलेलं एक वाक्य असतं: पाच जणांवर टेस्ट केली की पुरे. ते कुठून आलं विचारा. नील्सन आणि लँडाउअर या संशोधकांचं १९९३ चं गणित आहे: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. आपल्या प्रॉडक्टला ते ३१ लागू आहेत का, असं विचारलं की मीटिंगमध्ये शांतता.

दुपारचा_लॉगिन
तुम्ही दोघंही घरात बसून दाराबद्दल बोलताय. मी दाराबाहेर आहे. अकाउंट्समधली नोकरी सोडली, सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला. कोर्सच्या जाहिरातीत हेडफोनवाली ताईंसारखीच एक गोष्ट होती. शंभरावर अर्ज, तीन मुलाखती. तिन्हीकडे "खऱ्या प्रॉडक्टवरचं काम दाखवा." ताई, राग मानू नका, पण तुम्हाला नोकरी वहीने नाही दिली. तुम्ही आधीपासून कंपनीत होतात, म्हणून वही कुणीतरी मागितली. तीच वही घेऊन बाहेरून आला असतात तर रिसेप्शनच्या पुढे सोडलं नसतं.

सेमीकोलन
वहीवाला डेव्हलपर मी नव्हे, पण त्याच जातकुळीतला. बटण करडं करायला दहा मिनिटं लागतात. दुहेरी नोंद खरंच थांबवायची तर प्रत्येक विनंतीला ओळखक्रमांक देऊन, तीच पुन्हा आली तर सर्व्हरने नाकारायला हवी. नाहीतर पान रिफ्रेश केलं की करडं बटण परत टवटवीत! यूएक्सवाले दिसतं तेवढं रंगवतात. त्यापेक्षा आम्हालाच महिन्यातून एक दिवस हेल्पलाइनवर बसवा, वेगळं पद कशाला?

हेडफोनवाली
दुपारचा, हे खरं आहे आणि मीच ते आधी लिहायला हवं होतं. आतल्या आत सरकणं आणि बाहेरून येणं यांत फार फरक आहे. सेमीकोलन, तुम्हाला बसवायला नको कोण म्हणालं होतं? आम्ही दर तिमाहीला बोलवायचो, दर वेळी रिलीज असायचा.

ग्रिड, डॉक्टरेट मान्य. पण एकाचीही यूएक्समधली नव्हती, तो विषयच नव्हता. अल्फान्स चॅपॅनिस यांचंच घ्या, तेही मानसशास्त्रातले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकी बॉम्बर विमानाचे वैमानिक विमान उतरवल्यावर फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) मिटवायला जायचे आणि चुकून चाकंच मिटवायचे. ठपका कशावर, तर 'वैमानिकाची चूक'. (आमचा ड्रॉपडाउन!) चॅपॅनिस यांनी पाहिलं की दोन्ही खटके शेजारी आणि दिसायला सारखे. चाकांच्या खटक्याला त्यांनी छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅप्सच्या खटक्याला पाचर. हाताला अंधारातही कळेल असं. हे वाचलं तेव्हा मला सहा वर्षांची बंद केलेली तिकिटं आठवली.

कानाने_वाचतो
मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून त्या करड्या बटणाबद्दल थोडं. बटण डिसेबल झालं की बऱ्याचदा फोकस, म्हणजे मी पानावर कुठे आहे ती जागा, हरवतो. आणि 'थांबा' ही ओळ कोडमध्ये नीट घोषित केलेली नसेल, तर ती मला वाचून दाखवलीच जात नाही. म्हणजे मी पुन्हा तिथेच: दाबलं, काहीच झालं नाही.

ग्रिडभाऊ, चार वर्षं शिकलेल्यांनी केलेल्या साइटवर मला "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू येतं. नावंच दिलेली नसतात. आता मी अशा साइट पैसे घेऊन तपासतो. हे ठरवून केलेलं करिअर नाही, आधी नुसता तक्रारी करायचो. पण शिकावं लागलंच. "मला त्रास होतो" म्हटलं की लोक हळहळतात. "डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमांचा, निकष ४.१.२ मोडलाय" म्हटलं की दुरुस्त करतात.

ग्रिडमध्येच_राहा
तुमचं शेवटचं वाक्य हेच माझं म्हणणं होतं, तुम्ही बरं मांडलंत. बटणांच्या नावांबद्दल मान खाली. आमच्या अभ्यासक्रमात स्क्रीन रीडरवर एक तास होता, तोही परीक्षेला नव्हता.

हेडफोनवाली
कानाने, आमचं ते बटण आत्ता स्क्रीन रीडर लावून बघितलं. तुम्ही म्हणता तस्संच आहे. इतकी वर्षं त्या बटणावर मी भाषणं देतेय.

दुपारचा, पोर्टफोलिओत काय काय आहे?

दुपारचा_लॉगिन
व्यायामाचं ॲप. आणि झाडांना पाणी घालायची आठवण करून देणारं ॲप.

ग्रिडमध्येच_राहा
आणि अकाउंट्समध्ये रोज कुठे अडायचात?

दुपारचा_लॉगिन
बँकेचं स्टेटमेंट आणि आमची नोंदवही जुळवताना. दोन खिडक्या शेजारी, आकडे बारीक, आणि एक खिडकी सरकवली की दुसरीतली ओळ हरवायची. आमच्याकडे सगळे स्क्रीनला पट्टी लावून काम करायचे. लाकडी पट्टी. माझ्या पट्टीवर पेन्सिलची खूण होती, एका पानावर किती ओळी मावतात त्याची.

ग्रिडमध्येच_राहा
पट्टी? आणि तुम्ही झाडांना पाणी घालताय!
जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणी बसू देईल का शेजारी? आकड्यांचे फोटो काढू नका, खोटे आकडे घालून चित्र काढा. किती वेळा ओळ हरवते ते मोजा, मग पट्टीशिवाय काय करता येईल ते दोन-तीन प्रकारे करून त्यांच्यासमोर ठेवा. एवढ्याने नोकरी लागेल असं म्हणत नाहीये मी.

दुपारचा_लॉगिन
तेवढं कळतं हो. एकीला मेसेज टाकलाय. ती विचारतेय, पट्टी परत आणून देणार का, ती तिचीच होती.