खोल श्वास घेतला की छातीत कळ: प्लुरसी की स्नायू? मदत हवी आहे

आईला (वय ५८) दहा दिवसांपूर्वी सर्दी-ताप झाला. ताप उतरला, पण परवापासून उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली चमक येते. नुसती बसली असेल तर फारसं काही नाही. खोल श्वास घेतला, खोकली किंवा शिंकली की सुई टोचल्यासारखी कळ. काल शिंक येणार म्हणून तिने उशी छातीशी घट्ट धरली, तरी डोळ्यांत पाणी आलं. त्याच कुशीवर झोपलं की जरा बरं वाटतं म्हणते.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून प्लुरसीची, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याची शंका सांगितली. उद्या एक्स-रे आहे. दोन पदर एकमेकांवर घासतात म्हणून दुखतं, एवढं समजलं.

ज्यांना किंवा ज्यांच्या घरात हे झालंय, त्यांना विचारायचंय: स्नायू आखडल्याचं दुखणं यापेक्षा वेगळं जाणवतं का? बोटाने दाबलं तर आईला काहीच दुखत नाही, म्हणून मला स्नायूचं वाटत नाही. (ती मात्र 'गॅस असेल' म्हणून ओवा चघळतेय!) दुसरं, या दोन पदरांच्या मध्ये पाणी साठलं तर दुखणं कमी होऊन धाप वाढते म्हणतात. मग दुखायचं थांबलं तर खूश व्हायचं की घाबरायचं? तुमच्याकडे हे कसं लक्षात आलं?

धाप लागली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा पोटरी सुजली तर उद्याची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत नेणार आहे, ते डॉक्टरांनी बजावलंय.