चित्रपटावर मत देण्याआधी काय तपासता? (अनुभव धागा)

नवा चित्रपट असो की प्रभात फिल्म कंपनीचा जुना, परीक्षण लिहिणाऱ्यांनी आपापली तपासणी इथे मांडावी. पाहताना काय मोजता, काय टिपून ठेवता, फसगत कुठे होते? 'आवडला', 'नाही आवडला' आणि ताऱ्यांचा हिशेब नको.

*

आधी लांबी. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर दहाएक सेकंद असतं, तेवढ्यात वाचून घ्यायचं. कोपऱ्यात त्रिकोण असेल तर काटछाट झालेली आहे. जुन्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असेल तर तिला 27.4 ने भागा. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) या वेगाने 35 मिमी फिल्म मिनिटाला तेवढी सरकते. 3,500 मीटर म्हणजे 128 मिनिटांच्या आसपास.

डीव्हीडीवर मात्र हा हिशेब चुकतो. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही-डीव्हीडी पद्धतीत चित्रपट सेकंदाला 25 चौकटींनी पळतो, म्हणून 4 टक्के लवकर संपतो. 131 मिनिटांचा 'संत तुकाराम' 126 मिनिटांत आटोपतो. तेवढ्यावरून 'कापलेली प्रत' असं लिहू नये. 115 मिनिटं भरली तर मात्र काहीतरी गायब आहे, आणि बहुतेक वेळा ते गाणं किंवा गाण्याची कडवी असतात.

*

वरच्यात भर. वेग वाढला की सूरही चढतो. पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या जवळ जातं, पण तिथे पोचत नाही. गायिकेचा आवाज 'कोवळा' किंवा 'टोकदार' ठरवण्याआधी पेटीवर पट्टी लावून बघा. गाणं दोन पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळत असेल तर वेगावर संशय घ्या. जुन्या ध्वनिमुद्रणात पट्टी मुळातच हललेली असू शकते, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. लांबीशी ताडून बघायचा.

*

चौकट कोणीच बघत नाही! जुन्या बोलपटांची चौकट, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, साधारण 1.37 ला 1, टीव्हीची 1.78 ला 1. पडदा भरायचा म्हणून वरखाली कापलं तर 23 टक्के चित्र जातं. कपाळ जातं, पावलं जातात, जेवायला बसलेल्या माणसापुढचं ताट जातं. मग समीक्षक लिहितो, 'दृश्यरचना कोंदट आहे'. कापण्याऐवजी ताणलं असेल तर भिंतीवरचं गोल घड्याळ किंवा बैलगाडीचं चाक लंबगोल दिसतं. टीव्हीच्या चित्र-आकारात जाऊन 'मूळ' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की समजा, बरोबर आहे.

मूकपटांत आणखी एक भानगड. 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग 16-18 चौकटींच्या घरात असे. तो 24 ने दाखवला की सगळे दुडकत चालतात. त्यात अभिनयाचा काही दोष नाही. प्लेअरमध्ये वेग 0.75 वर ठेवला की 18 चौकटी मिळतात, चाल माणसासारखी होते. फाळक्यांनी हीच कथा 1917 मध्ये पुन्हा चित्रित केली, त्यामुळे उरलेले तुकडे नेमके कुठले, हा प्रश्न मनात ठेवूनच लिहावं.

*

प्रभातचे बरेच चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित झाले. ते डबिंग नव्हे. 'शेजारी' (1941) मध्ये पाटलाच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत, त्याच्या हिंदी 'पडोसी'त ती भूमिका मज़हर खान यांची. मिर्झाच्या भूमिकेत मात्र दोन्हीकडे गजानन जहागीरदार. हिंदी प्रत पाहून मराठीवर लिहिलं तर अर्धं परीक्षण भलत्याच अभिनेत्याचं होतं. नामावली थांबवून वाचा.

*

'कुंकू' (1937) ला पार्श्वसंगीत नाही. दृश्यात जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. म्हणून हेडफोन लावून पाहा. खरखर घालवण्यासाठी आवाज फार घासलेला असेल तर खोलीतली बारीकसारीक चाहूलही जाते, आणि मुद्दाम राखलेली शांतता निव्वळ रिकामी वाटते. 'संत तुकाराम'चं उलट होतं: सगळे चमत्कारांच्या ट्रिक्सवर लिहितात. जिजाईकडे बघा. म्हैस, मुलं, रिकामं घर यांचा तिचा तगादा चालू असतो म्हणून चमत्कार हास्यास्पद होत नाहीत. जिजाई झालेल्या गौरी यांच्या कामाला दोन वाक्यांत उरकणारं परीक्षण मला अपुरंच वाटतं.

*

नव्या चित्रपटांबद्दल थोडक्यात. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून ध्वनिमिश्रणाला झोडपण्याआधी कुठे पाहिलं ते सांगा. 5.1 (सहा वाहिन्यांच्या) ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरवर ते संगीताखाली दबू शकतात. सेटिंगमध्ये स्टिरिओ करून तोच प्रसंग पुन्हा ऐका.

'कोर्ट' (2014) सारख्या चित्रपटाला 'संथ' म्हणून मोकळं होऊ नका. प्रसंग संपल्यावरही कॅमेरा किती सेकंद जागेवर राहतो ते घड्याळ लावून मोजा, आणि त्या वेळात चौकटीच्या कडेला काय चाललंय ते टिपा. संथपणा फुकट गेला की कामी आला, हे त्या नोंदींवरून कळतं.

कथा सांगायची तर पहिल्या 20-25 मिनिटांपुरती. मध्यंतराचा धक्काही फोडू नये.