पस्तिशीनंतरचं बाळंतपण आणि बाळाची वाढ

प्रश्न (तासगावकर): वहिनी 36 वर्षांच्या, पहिलटकरीण, दहावा आठवडा चालू. घरातली मोठी माणसं म्हणतात, उशिराचं मूल मंद निघतं. खरं काय?

मिरजेची मावशी: सरसकट तसं नाही. वयाबरोबर वाढतो तो मुख्यतः गुणसूत्रातल्या दोषाचा धोका. डाउन सिंड्रोम (एका जादा गुणसूत्रामुळे बाळाची बौद्धिक वाढ मंदावते तो दोष) पंचविशीत साधारण 1250 मध्ये एक, पस्तिशीत 350 मध्ये एक, चाळिशीत 100 मध्ये एक. म्हणजे 350 पैकी 349 बाळांना तो नसतोच! हा धोका किती ते सांगणारी एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) आणि डबल मार्कर (आईची रक्ततपासणी) 11 ते 13 आठवडे 6 दिवस यातच होतात, तारीख आत्ताच घ्या. रिपोर्टमध्ये 'हाय रिस्क' आलं तरी ते निदान नव्हे; पक्कं कळतं ते गर्भजल तपासणीत.

कराडकर: साखर आणि बीपी विसरू नका, या वयात दोन्ही जास्त त्रास देतात. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 140 किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. बीपी चढलं की दिवस भरण्याआधी प्रसूती करावी लागू शकते, आणि बाळाची वाढ मागे पडते ती बहुतेकदा अशा अपुऱ्या दिवसांमुळे.

आशाताई, वाई: त्यात भर. 32 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी वाढ बघताना चारचंच धरा, कारण ते दोन महिने आधी आलेलं असतं. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब. आणि वहिनींच्या वयावर बोलणाऱ्यांनी सतराव्या वर्षी आई होणाऱ्या मुलींकडेही बघावं. रक्त कमी, बाळाचं वजन अडीच किलोच्या आत, हे तिथे जास्त दिसतं.