फेब्रुवारीत लिमिंग्टनहून (इंग्लंडचा दक्षिण किनारा) शेरबूर (फ्रान्स): शिडाची बोट, तिघं जण. निघण्याआधी काय काय बघायचं?

सोलंटकर
३१ फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), इनबोर्ड डिझेल इंजिन. बोट हिवाळाभर पाण्यातच आहे, पण नोव्हेंबरात इंजिन बंद करून ठेवलंय: सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) बंद, इंपेलर (गार करायचं पाणी ओढणारं रबरी चाक) बाहेर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हवा उघडली तर शेरबूरला जायचा विचार आहे. उन्हाळ्यात ही फेरी केलेली आहे, हिवाळ्यात नाही. तिघांपैकी दोघांना रात्रीच्या वॉचची (पाळीपाळीने पहाऱ्याची) सवय आहे. थंडीमुळे नेमकं काय बदलतं, आणि कुठली गोष्ट हमखास राहून जाते?

भांगउधाण
थंडीत सगळ्यात आधी हाताची बोटं निकामी होतात. शॅकल, पिन, फिल्टरचा स्क्रू, चॉकलेटचं वेष्टन अशी बोटांची कामं बाहेर गेल्यावर होणारच नाहीत असं धरून चाला, आणि ती सगळी बंदरातच उरका.

पहिलं इंजिन. इंपेलर बसवताना पात्यांना थोडा भांडी घासायचा द्रवसाबण लावा, म्हणजे पाणी चढेपर्यंतच्या कोरड्या फेऱ्यांत रबर जळत नाही. सीकॉक उघडायची आठवण राहावी म्हणून, तो बंद असताना इंजिनची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवून ठेवायची सवय चांगली. इंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी पडलं पाहिजे. नाही पडलं तर लगेच बंद करा.

डिझेलकडे नीट बघा. टाकी अर्धी ठेवली असेल तर वरच्या रिकाम्या जागेत दव धरून पाणी तळाशी साचतं आणि त्याच्या वरच्या थरात शेवाळासारखा गाळ वाढतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो तळाशी स्वस्थ पडून असतो. नीडल्सच्या (आइल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाचे खडक) लाटांत टाकी घुसळली की सगळा एकदम फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन बंद पडतं, नेमकं जिथे खडक जवळ आहेत तिथे. फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं ठेवून बघा. खाली पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा आणि फिल्टर बदला. सोबत दोन जादा फिल्टर ठेवा. बदलल्यावर डिझेलच्या नळीतली हवा काढायची रीत तिघांपैकी दोघांना आलीच पाहिजे, आणि तीही हातमोजे घालून.

बॅटरी: शून्याजवळ लेड-ॲसिडची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते, आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. बॅटरीला काही तास विश्रांती देऊन मोजलं तर १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्यावर निघू नका. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली तिला चार्ज करायचं नाही.

गॅस: निळी ब्युटेनची टाकी असेल तर ती इथेच ठेवा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आणि वापरताना टाकी आणखी गार होते. तीन अंशांच्या पहाटे आच मिणमिणते आणि चहाला पाऊण तास लागतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. पण त्याचा दाब जास्त असतो, म्हणून रेग्युलेटरही त्याला चालणारा हवा. जुन्यावरच नुसती टाकी बदलू नका. जोडल्यावर साबणाच्या पाण्याने गळती बघा. केबिन गरम करायला शेगडी पेटवायची नाही. हिटर असो वा नसो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा.

वॉचकीपर
वरच्यात डेकची भर. रात्री पाऊस पडून मग गोठलं तर फर्लरचा (पुढचं शीड गुंडाळायचं यंत्र) दोर ड्रममध्ये बर्फाने चिकटतो. धक्क्यावरच जिब (पुढचं शीड) पूर्ण उघडून परत गुंडाळा, रीफचे (शीड आखूड करायचे) दोर ओढून बघा. डेकवर दव गोठलं असेल तर समुद्राच्या पाण्याची बादली ओता. खारं पाणी उणे १.८ च्या आसपास गोठतं, म्हणून ते बर्फ वितळवतं. किटलीतलं गरम गोडं पाणी ओतलंत तर पाच मिनिटांत तिथेच काच तयार होते.

गार हवा जड असते. वीस अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला तोच वारा शिडावर सुमारे सात टक्के जास्त दाब देतो. त्यात तीन अंश आणि वीस नॉट (ताशी सागरी मैल) वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे तीनसारखं लागतं. पहिला रीफ धक्क्यावरच घ्या. खुला करणं सोपं, अंधारात घेणं अवघड.

बूट एक माप मोठे, आत लोकरीचे मोजे. घट्ट बुटात पाय आधी गारठतात. सुती कपडा अंगाला लागायला नको. हातमोज्यांचे प्रत्येकी तीन जोड, त्यातला एक जॅकेटच्या आत. लाडू, थालीपीठ, चीज असं मोज्यांनिशी धरून खाता येईल ते आधीच वेगळं करून, वेष्टनं काढून एका डब्यात भरा. चिक्की टाळा, थंडीत दगड होते. बोट लागणाऱ्याने गोळी आदल्या रात्रीपासून घ्यावी. पोट रिकामं झालेला माणूस लवकर गारठतो. अंधारात सुकाणूवर चाळीस मिनिटांपेक्षा जास्त कुणी नको. बोलणं अडखळू लागलं किंवा हुडहुडी आपोआप थांबली, तर त्याला ताबडतोब खाली घ्या.

आता पाण्यात पडण्याबद्दल, कारण खरा फरक तिथे आहे. त्या दिवसांत इंग्लिश खाडीतलं पाणी आठ-नऊ अंश असतं. पहिलं मिनिट श्वास ताब्यात राहत नाही. दहाएक मिनिटांत हात कामाचे राहत नाहीत. शुद्ध जायला तासभर लागतो. म्हणजे वर टाकलेला दोर तो माणूस धरू शकेल अशी वेळ फार थोडी. लाइफजॅकेट जाड जॅकेटच्या वर, मांडीपट्टा आवळून. लाइफजॅकेट फुगवणारी गॅसची छोटी नळी हाताने फिरवून घट्ट आहे ना बघा, ती हालचालीने सैल होते. हॅचमधून बाहेर पडण्याआधी टेदर (माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा दोर) अडकवायचा, बाहेर आल्यावर नाही. उचलायला जादा हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) आणि कप्पी बाजूला लावून ठेवा. ओल्या कपड्यांतला माणूस दोघांच्या नुसत्या हातांनी वर येत नाही.

सोलंटकर
मनापासून आभार. गॅस तर माझा निळाच आहे! वेळेचं काय? नीडल्सहून साठ सागरी मैल, पाच नॉटने बारा तास. दिवस मात्र साडेनऊ तासांचा.

भांगउधाण
अंधार शेवटाला ठेवा. शेरबूरचं बंदर कुठल्याही भरती-ओहोटीला उघडं आहे आणि त्याचे दिवे ठळक आहेत. उलट हर्स्ट (सोलंटचं पश्चिमेचं अरुंद तोंड) ते नीडल्स भागात खेकड्यांच्या सापळ्यांच्या बिनदिव्याच्या तरंगत्या खुणा आणि शिंगल्सचा उथळ दांडा आहे, तो उजेडात पार करा. पोर्टस्मथच्या भरतीच्या तासभर आधी पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाहाची ओढ सुरू होते, ती पहाटे मिळेल असा दिवस शोधा. भांगाचे (भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले) दिवस उत्तम. ओहोटीवर नैऋत्येचा वारा चढला तर नीडल्सला लाटा फुटतात, मग निघायचंच नाही.

मधे जहाजांचे दोन प्रवाह लागतात. आधी पश्चिमेला जाणारी डावीकडून येतात, मग पूर्वेला जाणारी उजवीकडून. क्षितिजावर दिसलेलं जहाज वीस मिनिटांत तुमच्यावर असतं.

कागदपत्र_आधी
भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, आणि शेरबूरला उतरल्यावर प्रवेशाची नोंद करून घ्यायची. ब्रिटिश बॉर्डर फोर्सला निघण्याच्या २४ ते २ तास आधी ऑनलाइन सूचना द्यावी लागते, परतीलाही. परतीला उत्तरेचा वारा नाकावर बसला तर बोट तिथेच ठेवून फेरीबोटीने या. मात्र मग बोट आणायला पुन्हा जावं लागेल, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा.