शब्दचर्चा : 'शनीचे चंद्र' म्हटलं तर चुकतं का?

माझ्या भाचीनं वहीत लिहिलं होतं, "शनीला २७४ चंद्र आहेत." वही तपासून आली तेव्हा 'चंद्र' या शब्दावर लाल रेघ आणि वर 'उपग्रह'. आकडा तिचा बरोबर होता. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्यांची नोंद झाली आणि शनीची संख्या २७४ वर गेली. खटकला तो शब्दच. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना तिनं मला विचारलं, "मावशी, चंद्र एकच असतो का गं? मग बाकीच्यांना चंद्र म्हणायचं नाही का?"

तिला दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं, म्हणून इथं मांडते. 'चंद्र' हे मराठीत फक्त विशेषनाम आहे की सामान्यनामही? माझ्या मते दोन्ही आहे आणि तिची ओळ खोडायला नको होती. 'उपग्रह' हा शब्द चूक नाही, पण त्यातल्या 'उप'मुळं मुलांच्या मनात 'ग्रहापेक्षा लहान, दुय्यम' असं चित्र तयार होतं. गुरूचा गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा आहे आणि बुध ४,८७९ चा. शनीचा टायटनही बुधापेक्षा मोठा. वस्तुमानात बुध दोघांनाही भारी पडतो ही गोष्ट वेगळी, पण आकारानं 'उप' कोण?

गडहिंग्लजहून एक वाचक :
'उप'चा अर्थ लहान असा घेऊ नका, ताई. संस्कृतात 'उप' म्हणजे जवळ, सोबत. आपली पंचगंगा कृष्णेची उपनदी आहे. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते म्हणून उपनदी, कमी प्रतीची म्हणून नव्हे. महापुरात शहरात पाणी शिरतं तेव्हा तिला दुय्यम कोण म्हणेल? उपग्रह म्हणजे ग्रहाच्या सोबतीनं राहणारा. गॅनिमीड केवढाही असला तरी तो गुरूभोवती फिरतो, म्हणून उपग्रह. शब्द नातं सांगतो, माप सांगत नाही.

मी :
दादा, पंचगंगेचं उदाहरण मनापासून पटलं. 'उप'बद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेते. युरोपातल्या शब्दाची गोष्टही अशीच आहे. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये गुरूजवळ चार ठिपके पाहिले, तेव्हा तो त्यांना तारेच म्हणत होता. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं त्यांच्यासाठी लॅटिनमधला 'सॅटेलेस' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ सोबतचा सेवक, अंगरक्षक. तिथंही नातंच आहे, माप नाही.

शिवाजी पेठेतले एक आजोबा :
ही चर्चा पंचांगाशिवाय अपुरी राहील. आमच्या नवग्रहांत चंद्र हा स्वतःच ग्रह आहे. सूर्य, राहू आणि केतूही ग्रह. तिथं ग्रह म्हणजे पकडणारा, 'ग्रह्' धातूवरून आलेला. जुन्या ज्योतिषात 'उपग्रह'ही आहेत, पण ते म्हणजे धूम, परिवेष, इंद्रचाप असे गणितानं काढलेले बिंदू. आकाशात दिसणारी वस्तू नव्हे. म्हणजे 'ग्रह' आणि 'उपग्रह' या दोन्ही शब्दांना आधुनिक खगोलशास्त्रानं नवा अर्थ दिला आणि आपण तो बिनतक्रार स्वीकारला. मग 'चंद्र' शब्दाचा अर्थ थोडा रुंदावला तर हरकत कशाला?

पन्हाळ्याहून एक वाचक :
ताई, लई मोलाचा विषय काढलासा. आमच्याकडं उपग्रह म्हटलं की माणसं इस्रोनं सोडलेलाच समजत्यात. 'उपग्रहाचं चित्र' म्हणजे ढगांचं चित्र. त्यामुळं 'शनीचे २७४ उपग्रह' ऐकून माझ्या धाकट्यानं विचारलं, "ते कुणी सोडलं?" पोराची काय चूक? आणि दुसरं, खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात त्रिपुरी पौर्णिमेला स्वर्गमंडपाच्या छतातल्या गोल मोकळ्या जागेत चंद्र येतो. ते बघायला माणसं रात्रभर थांबत्यात. 'चंद्र' शब्दात ते सगळं भरलेलं हाय. तो शब्द दुसऱ्याला दिला तर पातळ न्हाई का हुणार?

मी :
हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'चंद्र' हा 'चन्द्' धातूवरून आला. चमकणं, आनंद देणं हा त्याचा अर्थ. आपण त्यात शीतलपणा घातला, चांदणं घातलं, बीज आणि कोर घातली, पावसाआधीचं खळं घातलं. आता हे सगळं बाकीच्या चंद्रांवर लावून बघा. गुरूचा आयो शीतल नाही. एकीकडं गुरू आणि दुसरीकडं युरोपा व गॅनिमीड यांच्या ओढाताणीत तो आतून तापतो आणि त्याच्यावर शेकडो ज्वालामुखी जागे आहेत. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ या यानानं ते पहिल्यांदा दाखवले. टायटनवर दाट हवा आहे, द्रव मिथेनचा पाऊस आणि तळी आहेत. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान तिथं उतरलं. सगळ्यात उजळ म्हणाल तर तो मान शनीच्या बर्फाळ एन्सेलॅडसचा. आपला चंद्र त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण बारा टक्केच परत फेकतो, तरी आपल्याला चांदणं पुरतं.

मंगळाचा फोबोस तर तिथीची कल्पनाच मोडतो. त्याचा सरासरी व्यास बावीस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून पन्हाळ्याला जायच्या रस्त्याएवढा. आकार बटाट्यासारखा. मंगळाभोवती फेरी ७ तास ३९ मिनिटांत. अमावस्या ते अमावस्या तेवढ्यात उरकते, म्हणजे एक तिथी जेमतेम पंधरा मिनिटांची! आणि मंगळ स्वतःभोवती फिरतो त्याहून हा वेगानं फिरतो, म्हणून तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो.

मला यात शब्द पातळ होताना दिसत नाही. 'नदी' म्हटल्यावर पंचगंगाच आठवते, तरी ॲमेझॉनला नदी म्हणताना पंचगंगा कमी होत नाही.

शिवाजी पेठेतले आजोबा :
मग फरक कसा ओळखायचा? इंग्रजीत मोठं अक्षर लिहून आपला चंद्र वेगळा दाखवतात. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाही.

मी :
आजोबा, आपल्याकडं षष्ठीचा प्रत्यय आहे. नुसता 'चंद्र' म्हणजे आपला. 'गुरूचा चंद्र', 'शनीचे चंद्र' म्हटलं की दुसऱ्याचा. कुणीही गोंधळत नाही. अनेकवचनात शब्द बदलत नाही: एक चंद्र, दोन चंद्र, पुढं प्रत्यय लागला की चंद्रांना, चंद्रांचे. व्याकरण आधीपासून तयार आहे. वर्गीकरण सांगताना 'नैसर्गिक उपग्रह' लिहावं, यानाला 'कृत्रिम उपग्रह', आणि गोष्ट सांगताना 'चंद्र'.

गडहिंग्लजहून :
मान्य. जाता जाता, 'चांद्रयान' की 'चंद्रयान'?

मी :
मराठीत 'चांद्र' हे विशेषण रुळलेलं आहे. चांद्रमास, चांद्रवर्ष, तसंच चांद्रयान. इस्रोचं अधिकृत नाव 'चंद्रयान' असं लिहिलं जातं, तोही समास म्हणून शुद्धच. मी स्वतः चांद्रयान लिहिते. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी तोच उच्चार होता.

पन्हाळ्याहून :
आणि नेपच्यूनचा ट्रायटन? त्यो उलटा फिरतो म्हणत्यात. त्याला वक्री म्हणू का?

मी :
मी म्हणणार नाही. पंचांगात ग्रह 'वक्री' होतो तेव्हा तो मागे जाताना फक्त दिसतो. पृथ्वीही फिरत असल्यामुळं तसा भास होतो आणि पुढं तो 'मार्गी' होतो. ट्रायटन नेपच्यूनच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनं खरोखरच फिरतो आणि कधीच मार्गी होत नाही. बहुधा तो बाहेरून आला आणि नेपच्यूननं त्याला धरून ठेवलं. त्याला 'उलट फिरणारा' म्हणावं, एवढं साधं पुरे. आणि धरून ठेवलेला म्हटलं की आजोबांचा तो 'ग्रह्' धातू इथं पुन्हा आलाच.